लाल फुलीचे टायर

इंद्रजीत ढमढेरेच्या मोटरसायकलचे टायर झिजलेत, ही बातमी शिरूरमध्ये सगळ्यात शेवटी त्याला स्वतःला कळली. पहिल्यांदा ती पोपटरावांना कळली, कारण ते शेजारी राहतात आणि सकाळी दात घासता घासता दुसऱ्यांच्या गाड्या तपासतात. त्यांनी ती डेअरीवर सांगितली. डेअरीवरून ती हर्षदाला, म्हणजे इंद्रजीतच्या बायकोला, दुधाच्या पिशवीबरोबर मिळाली आणि तिने ती इंद्रजीतपुढे चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"टायर गेलेत म्हणे तुमचे. बरंच झालं. आता काय ते ठरवून टाका."

ठरवायचं काय, हे दोघांनाही पाठ होतं. ही गाडी इंद्रजीतने लग्नाआधी घेतली ती एकदा तरी ट्रॅकवर पळवायची म्हणून. ट्रॅक म्हणजे वळणावळणांचा असा रस्ता, की ज्यावर समोरून उसाची ट्रॉली येत नाही, मध्येच शेळी बसत नाही आणि कोणी ओळखीचा हात करून थांबवत नाही. असा रस्ता आपल्याकडे कुठून असणार? त्यामुळे गाडी पळाली ती शिरूर ते सणसवाडी, कंपनीत. उरलेल्या वेळात तिने गिरणीवरून दळण आणलं, गॅसची टाकी आणली, आणि हर्षदाला इनामगावच्या शाळेवर पोचवलं, जिथे ती शिक्षिका आहे. या गाडीची मागची सीट म्हणजे उतारावर ठेवलेला पाट. प्रत्येक गतिरोधकाला हर्षदा नवऱ्याच्या पाठीवर आदळायची, उतरून पदर सारखा करायची आणि मुलांना नागरिकशास्त्र शिकवायची.

म्हणून तिने अट घातली होती. दसऱ्याच्या आत एकदा ट्रॅकवर जाऊन या. गेलात तर गाडी राहील, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही गेलात तर दसऱ्याला ती विकायची आणि पायाशी पिशवी ठेवता येईल अशी स्कूटर घ्यायची. इंद्रजीतने ही अट आनंदाने मान्य केली होती, कारण तेव्हा दसरा लांब होता.

तो जवळ आला. योगायोगाने त्याच सुमारास कासुर्डीच्या पलीकडे माळावर कुणीतरी खरोखरच एक ट्रॅक बांधला, आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी कोणीही आपली गाडी आणून पळवावी असं जाहीर केलं. इंद्रजीतने नाव नोंदवलं. प्रश्न उरला फक्त टायरचा.

टायर घेणं म्हणजे दुकानात जाऊन टायर घेणं, असं ज्यांना वाटतं ती सुखी माणसं. इंद्रजीतने आधी अभ्यास केला, आणि तिथेच तो संपला. रस्त्याचा टायर कडक असतो; तो पुष्कळ टिकतो, पण ट्रॅकवरच्या वळणात ऐन वेळी साथ सोडतो. ट्रॅकचा टायर मऊ असतो. तो रस्त्याला चिकटतो, पण खोडरबरासारखा झिजतो. इंद्रजीतला एकाच गाडीवर दोन्ही करायचं होतं. संध्याकाळभर तो मोबाइलवर असे व्हिडिओ बघायचा, ज्यांत परदेशातली मोठमोठी माणसं टायरवरून हात फिरवत हळू आवाजात बोलतात. पुढे पुढे तो जेवताना भाकरीची कड अंगठ्याने दाबून बघायला लागला. हर्षदाने ताट उचलून घेतलं तेव्हा तो म्हणाला, "मधून कडक, कडेला मऊ. असंच पाहिजे."

शिरूरच्या टायरवाल्याने त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "दूध का कांदा?" आपल्याकडे मोटरसायकलची हीच वर्गवारी आहे. इंद्रजीत म्हणाला, यातलं काही नाही, ट्रॅकवर न्यायचीय. टायरवाल्याने विचारलं, मग ट्रॅकवर काय वाहणार. इंद्रजीत म्हणाला, काही नाही, नुसता मी. टायरवाल्याने त्याला खालून वर बघितलं आणि एवढ्या वजनाला आहे तोच टायर पुरेल, असं सांगून तो ट्रॅक्टरच्या चाकाकडे वळला.

पोपटराव मात्र असे वाऱ्यावर सोडणारे नव्हेत. त्यांचा टायरचा अभ्यास एका ट्रॉलीवर झालेला आहे, पण सखोल. ते संध्याकाळी खुर्ची घेऊनच आले आणि त्यांनी सगळं समजून घेतलं.

"हा मऊ टायर गरम झाल्यावर धरतो म्हंता," ते म्हणाले. "आन् गार असताना?"

"गार असताना जरा घसरतो."

"घरनं निघताना तो कसा असतो?"

"गारच असतो."

पोपटराव उठले. त्यांनी हर्षदाकडे एकदा बघितलं, दवाखान्याबाहेर नातेवाइकांकडे बघतात तसं, आणि खुर्ची उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी डेअरीवरच्या दोन माणसांनी इंद्रजीतला न विचारता रस्ता दिला.

हे सगळं तो गिळून गेला असता. पण कंपनीत जे झालं ते गिळण्यासारखं नव्हतं. इंद्रजीत सणसवाडीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर लोकांनी घाम गाळून बनवलेले वॉशिंग मशीनचे ब्रॅकेट हातात घ्यायचे, त्यांतले काही नाकारायचे आणि म्हणायचं, "पुढचा लॉट चांगला आणा." अशा माणसाला शत्रू असतात. त्यांतल्या कुणीतरी पार्किंगमध्ये त्याचे टायर वाकून बघितले. मधला भाग झिजून सपाट, आणि दोन्ही कडा मात्र कोऱ्या. कारखान्यातून येताना टायरला रबराचे बारीक केस असतात, ते कडेला अजून तसेच. जाणकाराला यावरून एवढंच कळतं की हा माणूस गाडी घेऊन कधी वाकलेला नाही. दुपारी कँटीनमध्ये बातमी होती: ढमढेरे साहेबांच्या टायरचं अजून जावळ काढलेलं नाही.

त्या आठवड्यातल्या रविवारी इंद्रजीत वाकण्याचा सराव करायला बाजार समितीच्या मोकळ्या आवारात गेला. कांद्याचा लिलाव नव्हता, जागा ऐसपैस होती. तो डावीकडून गोल फिरला, मग उजवीकडून गोल फिरला. आधी एक हमाल बघत होता, मग सगळे बसून बघायला लागले. कुणाला वाटलं साहेबांचं काही हरवलंय. दोघे उठून शोधायलाही लागले. एका भल्या माणसाने हर्षदाला फोन करून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना, कारण मिस्टर मघापासून एकाच जागी फिरतायत. कडांवरचं जावळ संध्याकाळी होतं तिथेच होतं.

शेवटी त्याला हवा तो टायर मोबाइलवर सापडला. मधून कडक, कडेला मऊ. म्हणजे मध्ये संसार आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक. ही जोडी शिरूरमध्ये मिळत नव्हती, ती कुरियरने मागवायची होती. घरचा पत्ता देणं शक्य नव्हतं, कारण घरी कोणी नसलं की कुरियरवाला पार्सल पोपटरावांकडे देतो आणि पोपटराव मालाला हवा लागावी म्हणून ते उघडून ठेवतात. इंद्रजीतने कंपनीचा पत्ता दिला. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

पार्सल आलं, गेटवर त्याची नोंद झाली आणि ते स्टोअरमध्ये गेलं. स्टोअरला अनुपमा मॅडम असतात. त्या अत्यंत सज्जन आहेत आणि त्यांनी आजवर कुणाला नोंदीशिवाय रिकामं खोकंसुद्धा दिलेलं नाही.

"हे माझं वैयक्तिक आहे, मॅडम," इंद्रजीत म्हणाला.

"गेटच्या बाहेर होतं तोवर वैयक्तिक होतं. आत आल्यावर ते मटेरियल आहे. मटेरियल इन्स्पेक्शनशिवाय हलत नाही."

"इन्स्पेक्शन मीच करतो ना."

"मग करा की. मी कुठं अडवलंय?"

इंद्रजीतच्या लक्षात आलं की हे सोपं नाही. पास करावं तर माल थेट लाइनवर जाणार, आणि लाइनवर वॉशिंग मशीन बनत होती. कंपनीच्या गेटमधून माल परत बाहेर जाण्याचा एकच मार्ग होता: तो रिजेक्ट होणं. त्याने मॅडमकडे बघितलं. मॅडमने त्याच्याकडे बघितलं. मग त्याने खिशातलं पेन काढलं आणि ज्या टायरसाठी त्याने झोप घालवली होती ते नाकारले. कारणाच्या जागी लिहिलं, 'कंपनीच्या कामाचे नाहीत.'

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण मागच्या वर्षी नाकारलेला माल पुसूनबिसून पुन्हा कंपनीत येत होता. तो कायमचा बंद करण्यासाठी एका हुशार इन्स्पेक्टरने नियम करून घेतला होता की रिजेक्ट मालावर लाल फुली मारायची, खाली इन्स्पेक्टरने त्याच रंगात सही करायची, आणि रंग असा वापरायचा की जो कशानेही निघणार नाही. हा इन्स्पेक्टर कोण, ते सांगायला नको. अनुपमा मॅडमने ब्रश त्याच्या हातात दिला. दोन टायर, दोन फुल्या, दोन सह्या.

घरी त्याने पेट्रोल लावून बघितलं, थिनर लावून बघितलं. टायरची चमक गेली, रंग राहिला. इंद्रजीतला आपल्या कामाचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडू आलं. टायर बसवताना दुकानदाराने विचारलं की ही फुली कसली. इंद्रजीत म्हणाला, कंपनीचा मार्क आहे. कुठली कंपनी स्वतःच्या मालावर फुली मारते, असं दुकानदार म्हणाला, आणि बोल्ट आवळताना त्याने पुन्हा वर बघितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको त्याच गाडीवर न्हावऱ्यावरून हर्षदाच्या माहेरी गेले. माहेर दौंड तालुक्यात, यवतच्या अलीकडच्या वस्तीवर. तिथून ट्रॅक जवळ. सासरे तात्याबा दारातच उभे होते. तात्याबांचे पूर्वज मेंढरांमागे फिरले. तात्याबा स्वतः बैलांमागे. एके काळी त्यांची जोडी बैलगाड्याच्या शर्यतीत आसपासचे सगळे घाट गाजवून होती. घाट म्हणजे बैल पळवायची चढाची धावपट्टी. जावई गाडी पळवायला निघालेत हे कळल्यापासून म्हाताऱ्याला झोप नव्हती. आजवर हा जावई त्यांना कशासाठी दिला आहे तेच नीट कळलेलं नव्हतं. आता पहिल्यांदाच काहीतरी हाती लागलं होतं.

"बारी कितवी हाय, जावईबापू?" त्यांनी विचारलं. म्हणजे पळायचा नंबर कितवा.

"बारी नसते तिथं, आबा. सगळे एकदमच सोडतात."

"एकदम? आन् गुलाल?"

"गुलालही नसतो."

 तात्याबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. लाल फुली दिसली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. रंगवून आणलीय म्हणजे जावयाला रीत माहीत आहे. सासूबाई अनसाबाईंनी गाडीला कुंकू लावलं आणि दोघांवरून मीठमोहऱ्या उतरल्या: आधी गाडीवरून, मग इंद्रजीतवरून.

सकाळी इंद्रजीत उठला तेव्हा गाडी दारात नव्हती. ती पिकअपमध्ये चढवून, दोरांनी बांधून, वर बैलांची आरशांची झूल पार खालपर्यंत पांघरून तयार होती. तो म्हणाला, मी चालवत नेली असती. तात्याबांनी त्याला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं: पळायचं जनावर घाटापर्यंत चालवत नेत नाहीत. त्याचे पाय ताजे राहिले पाहिजेत. इंद्रजीतला यात विरोध करण्यासारखं काही दिसलं नाही. सगळे पिकअपमध्येच बसले. वाटेत मागून एक ओळखीचा, औषधी वास येत होता, पण अनसाबाईंनी दशम्यांबरोबर काय काय घेतलं असेल कोण जाणे, म्हणून त्याने त्याचा फार विचार केला नाही.

ट्रॅकवर चामड्याचे सूट घातलेली माणसं आपापल्या गाड्यांजवळ गंभीरपणे उभी होती. त्यांच्यामध्ये झूल पांघरलेली गाडी उतरली.  घरच्या मंडळींना कुंपणाबाहेर बसवून इंद्रजीत एकटाच गाडी ढकलत तपासणीला गेला. ट्रॅकवर सोडण्याआधी तिथे प्रत्येक गाडी तपासतात. तपासणारा तरुण मुलगा होता. पण त्याच्या मानेचा कोन इंद्रजीतने लगेच ओळखला. ब्रॅकेट हातात घेतल्यावर त्याची स्वतःची मान अशीच व्हायची.

मुलाने झूल वर केली. कुंकू बघितलं, सोडून दिलं. दसरा जवळ होता. मग फुली बघितली.

"हे रिजेक्ट कुणी केलंय?"

"मी."

"सही?"

"माझीच आहे."

"तुम्हीच नाकारलेत, मग मी काय वेगळं सांगू?" असं म्हणून त्याने तरीही, कर्तव्य म्हणून, टायरवरून बोट फिरवलं. बोट चकाकत वर आलं. त्याने ते नाकाशी नेलं आणि इंद्रजीतपुढे धरलं.

तेव्हा इंद्रजीतला पिकअपमधला वास आठवला. शर्यतीच्या दिवशी पहाटे तात्याबा बैलांचे चारही पाय एरंडेलाने चोळायचे, हे हर्षदाने त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कौतुकाने सांगितलं होतं. या जनावराला पाय दोनच होते, त्यामुळे ते दुप्पट चोळलेले दिसत होते. मध्यभागापासून जावळापर्यंत एकही जागा कोरडी नव्हती.

पुसून घेतो, तो म्हणाला. मुलगा म्हणाला की कडा मऊ आहेत, रबराने तेल पिऊन घेतलंय. पहिल्या वळणावर तुम्ही डायरेक्ट कासुर्डीत. टायर उत्तम निवडलेत, हेही त्याने सांगितलं. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला याच्यासारखा दुसरा नाही. आणि मग जाता जाता तो म्हणाला, "पुढच्या वेळी चांगले आणा."

इंद्रजीत गाडी बाजूला लावून चहाच्या टेबलाशी आला. हेल्मेट काढून खाली ठेवलं. दसऱ्याआधी दुसरा रविवार नव्हता. म्हणजे गाडी गेली. पायाशी पिशवी ठेवायची स्कूटर त्याच्या डोळ्यांसमोरून संथपणे निघून गेली, पिशवीत दोडकी होती.

तेवढ्यात कुंपणाकडून ओरडा ऐकू आला. ट्रॅकवर एक निळी गाडी सुसाट निघाली होती. इंद्रजीतच्या गाडीसारखीच निळी, वर बसलेल्याचं हेल्मेटही तसंच काळं. वळणावर ती इतकी वाकली की गुडघा रस्त्याला लागला. "आमचं जावई हायत ते," तात्याबा आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत होते. "पोरगी दौंडात न्हाई, लांब शिरूरला दिलीय. पन बघा." अनसाबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. हर्षदा उभी होती, दोन्ही हात कुंपणाच्या जाळीत अडकवून, आणि तिच्या तोंडावर जे कौतुक होतं ते त्याने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

इंद्रजीत चहा घेऊन जुन्या टायरच्या ढिगाआड सरकला. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. शर्यत संपली की हेल्मेट हातात घेऊन बाहेर जायचं. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकी सुंदर गाडी चालवत होता, आणि त्यात त्याची स्वतःची कसलीही आडकाठी नव्हती.

तिसऱ्या का चौथ्या फेरीला त्याने गाडी सगळ्यात सुंदर वाकवली आणि ती तशीच आडवी होऊन मातीत गेली. माणूस वेगळा, गाडी वेगळी.

 कुंपणाकडे हर्षदा जाळीवरून चढताना दिसली. साडी, चप्पल, कशाचंही भान नव्हतं. एक चप्पल जाळीतच राहिली. ती धावत आली ती थेट ढिगाजवळून. इंद्रजीत आडवा आला आणि म्हणाला, "हर्षदा, अगं—"

"सरका हो, माझे मिस्टर पडलेत तिकडं," असं म्हणून तिने त्याला ढकललं आणि पुढे गेली.

मग थांबली. पलीकडे पडलेला माणूस उठून गुडघे झटकत होता. तिने त्याच्याकडे बघितलं. वळून याच्याकडे बघितलं. परत आली, त्याच्या हातातला कप घेतला आणि उरलेला चहा एका घोटात पिऊन टाकला. 

"तो कोण?"

"माहीत नाही."

"मग तुम्ही?"

"मला सोडलंच नाही. रिजेक्ट केलं." त्याने फुलीचं सांगितलं, सहीचं सांगितलं आणि मग, सांगू की नको करत, तेलाचं सांगितलं.

हर्षदा खाली बसली. खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे इंद्रजीतला कळेना. मग तिने तोंड पुसलं.

"आबांना यातलं काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "कवाच न्हाई. कळलं?"

तोवर तात्याबा येऊन पोचले होते. त्यांनी जावयाला पुढून बघितलं, मागून बघितलं, दोन्ही दंड दाबून बघितले. कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"येवढं पडूनबी काय झालं न्हाई," ते म्हणाले. "तेलामुळं वाचलात, जावईबापू. पाय मोकळं होतं गाडीचं."

"व्हय, आबा," इंद्रजीत म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

घरी परतताना हर्षदाने निकाल दिला. ट्रॅकवर जाऊन या एवढंच ठरलं होतं. तुम्ही ट्रॅकवर जाऊन आलात. गाडी राहील. मागच्या सीटवर ती आदळेल तितकी आदळेल. फक्त यापुढे फुली पुसायची नाही आणि हे टायर बदलायचे नाहीत. ज्या टायरवर तुमचीच सही आहे ते टायर बघून पुन्हा कोणी तुम्हाला ट्रॅकवर सोडणार नाही, आणि मला जाळीवरून चढावं लागणार नाही. इंद्रजीतने हो म्हटलं. गाडी राहिली होती. मध्ये कडक, कडेला मऊ, आणि कडा जन्मभर कोऱ्या.

सोमवारी तो कंपनीच्या गेटवर पोचला तेव्हा सिक्युरिटीवाल्याने काठी आडवी केली. वाकून दोन्ही चाकं बघितली.

"रिजेक्ट माल अंदर नहीं जाएगा, साहब."

"अरे, गाडी आहे ही माझी."

"साइन भी आपका ही है."

मागच्या खिडकीतून अनुपमा मॅडम बघत होत्या. त्यांनी मान हलवली. सिक्युरिटीवाल्याचं बरोबर होतं. तेव्हापासून इंद्रजीतची गाडी बाहेर चहाच्या टपरीजवळ उन्हात उभी असते आणि टपरीवाला तिच्यावर दुधाच्या पिशव्या वाळत घालतो. या नियमाला सूट देण्याचा अधिकार कंपनीत फक्त क्वालिटी इन्स्पेक्टरला आहे. पण त्यासाठी त्याला आधी माल आत आणून तपासावा लागतो.